काचेतली गिटार

"पाठीला एक भोक पाडून द्या," हॉटेलवाला फाद्रिके म्हणाला, आणि गिटारी घडवणाऱ्या अंगुस्तियासच्या हातातला पॉलिशचा बोळा जागच्या जागी थांबला.

भोक म्हणे! गिटारीला! मेल्याची जीभ कशी झडली नाही!

चार वर्षं हा हॉटेलवाला तिच्या यादीत होता. गोमेरेस गल्लीच्या चढावरच्या या दुकानात वडिलांपासूनचा नियम होता, मंत्री आला तरी रांगेतच. आणि नेमकी याच्याच वाट्याला वडिलांनी जपलेल्या सायप्रस झाडाच्या फळ्यांची शेवटची जोडी आली होती. टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा केसभर तासायचं, असा अख्खा हिवाळा तिने त्या लाकडापायी घालवला. डोळे आता साथ देत नव्हते. अशी गिटार पुन्हा हातून होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"भोक कशाला?"

"भिंतीला टांगायला. हॉटेलात शिरल्या शिरल्या, काचेच्या पेटीत, खाली दिवा. आणि ही पारदर्शक पट्टी काढा बरं का, उगाच चकाकते."

पट्टी काढा! वाजवणारा बोटांनी ताल ठोकतो, तेव्हा लाकूड सोलू नये म्हणून असते ती. ज्याला ते माहीत नाही त्याने गिटार घ्यावी कशाला? भिंत सजवायला बैलाचं मुंडकं चाललं असतं की!

"आधी वाजवायची," ती तुटकपणे म्हणाली. "मग वाजवणाऱ्याचं नाव लिहून मी आत चिठ्ठी डकवते. त्याशिवाय या दुकानातून गिटार जात नाही."

"माहितीये. म्हणून तर माणूस आणलाय." त्याने दाराशी उभ्या खेरोनिमोला खूण केली. हा म्हातारा त्याच्या हॉटेलात रोज संध्याकाळी पाहुण्यांपुढे प्लायवूडच्या डबड्यावर वाजवायचा.

खेरोनिमो बसला. पहिल्या चार सुरांतच समोरची चामड्याच्या दुकानातली बाई गिऱ्हाईक सोडून उंबऱ्यात येऊन उभी राहिली. खेरोनिमोने पट्टीवर बोटांनी ठोका दिला, दुसरा देणार तोच फाद्रिके ओरडला, "पुरे, पुरे! नखं लागतील!"

अंगुस्तियासने चिठ्ठी ओढली आणि मोठ्या अक्षरांत खेरोनिमोचं नाव लिहिलं.

फाद्रिके हसला. "लिहा हो कुणाचंही! काचेतून आत कोण डोकावतंय?"

"मग नाहीच देत मी! तुमचा विसार उचला आणि चालू लागा!"

"खेरोनिमो, या बाईला समजाव. नाहीतर आज संध्याकाळपासून तुझी खुर्ची रिकामी."

आता मात्र अंगुस्तियास चरकली. राग तिचा, आणि पोटावर पाय या बिचाऱ्याच्या! ती चिठ्ठी चुरगाळणार, तेवढ्यात खेरोनिमोने तिचा हात धरला.

"राहू द्या, बाई." मग तो मालकाकडे वळला. "साहेब, ती खुर्चीच ठेवा काचेत. खाली दिवा लावा."

आणि ज्या ठोक्याला त्याला अडवलं होतं, तोच ठोका पट्टीवर देऊन त्याने पुढे वाजवायला घेतलं.