ठोक्यांची तार

"दाबा बाई, जरा दमदार दाबा!"

बॉनेटखाली डोकं घातलेला कानसेन ओरडला आणि शाळेतल्या बाईंनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन चढलं. कानसेनने डोळे मिटून गवयासारखी मान डोलावली. त्याच्या कानाला जुन्या टेलिफोनातला कर्णा होता, आणि कर्ण्याच्या तारेचं दुसरं टोक तो इंजिनाच्या एकेका तारेला टोचून पाहत होता. जिच्यात ठोके वाजतील, आणि इंजिन पळालं की त्यांची लय पळेल, ती गतीची तार. ती रिमोटवर गाडी सुरू करणाऱ्या नव्या डबीला जोडली की काम फत्ते. मग बाईंनी घरातून रिमोट दाबायचा. इंजिन सुरू झालं हे डबीला ठोक्यांवरून कळणार आणि ती स्टार्टर सोडून देणार. आजारी आईला जिन्यावरून उतरवेपर्यंत गाडी आतून ऊबदार.

चाळीस वर्षं त्याने गाड्यांचं वायरिंग असं कानाने केलं होतं. नाव पडलं ते त्यामुळेच. एकदा म्हणे गाडी गल्लीत वळायच्या आधीच त्याने मालकाला निरोप धाडला, तुझा पट्टा उद्या तुटणार. पट्टा त्याच संध्याकाळी तुटला, तर अंदाज चुकला म्हणून हा दोन दिवस जेवला नाही.

गेल्या वर्षभरात मात्र त्या कर्ण्यातून एकही ठोका त्याला ऐकू आला नव्हता. हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

"सांगून टाका की लोकांना," ती खुणा करून म्हणे.

"बहिऱ्या वायरमनकडे गाडी कोण टाकेल गं? दुकानाला कुलूप लावावं लागेल."

"सापडली का, दाजी?" पलीकडे सीटकव्हर शिवत बसलेल्या मेव्हण्याने विचारलं.

ओठ हललेले दिसले, तेवढ्यावर कानसेनने उत्तर ठोकलं, "नको, आत्ताच प्यालो."

मेव्हणा खो खो हसला. दाजींची थट्टा त्याच्या अंगवळणी पडली होती.

सगळ्या तारा सारख्याच मुक्या. शेवटी जुन्या सवयीने त्याने एक हिरवी तार धरली, जोडली, वर टेप गुंडाळला. "झालं बाई. आता किल्ली काढा आणि मारा रिमोट!"

बाईंनी बटण दाबलं. इंजिन झटक्यात सुरू झालं, पण स्टार्टर काही सुटेना. फिरत्या इंजिनावर त्याचे दाते खरडू लागले, आणि लोखंडाने अशी किंकाळी फोडली की समोरच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा उचलला. वळचणीची कबुतरं उडाली. बाईंनी दोन्ही कान गच्च दाबले.

आणि कानसेन कमरेवर हात ठेवून हसत उभा होता. "कशी धरली पहिल्या फटक्यात!"

मेव्हण्याने धावत येऊन डबीचा फ्यूज उपसला. तेव्हा कुठे कानसेनला बाईंचे हात दिसले. अजून कानांवरच होते ते. त्याचं हसू ओसरलं.

"दाजी, एवढं बोंबललं ते, तुम्हाला ऐकू नाही आलं?"

बायको काउंटरमागून लगबगीने आली. "अरे, त्यांचं डोकं बॉनेटमध्ये होतं, म्हणून..."

कानसेनने हाताने तिला थांबवलं.

"बाई, मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. चूक माझी. गाडी दुसरीकडे न्यायची असेल तर न्या, मी सगळं सोडवून देतो."

मेव्हण्याने मान खाली घातली. बाई पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "तार — शोधायची — दुसरी — पद्धत — आहे का?"

"बहिरा आहे बाई, पहिलीतला नाही."

आधी बाई हसल्या, मग मेव्हणा. बायकोने तोवर खणातून मीटर काढून पदराने पुसलासुद्धा. ती त्याच्यावर घरातले सेल तपासायची. कानसेनने त्याला कधी हात लावला नव्हता.

गाडी किल्लीने सुरू झाली. त्याने मीटरची काळी तार बॉडीला लावली, लाल हिरवीला. बाईंनी ॲक्सिलरेटर दाबला, आकडा ढिम्म. मग कॉइलची एक बारीक तार. इथे आकडा जिवंत होता. इंजिन चढलं की तो चढे, उतरलं की उतरे.

"पुन्हा दाबा."

चढला.

"पुन्हा."

एकदा पाहून भागलं असतं. त्याने चारदा पाहिलं.

तार बदलून रिमोट मारला, तेव्हा त्याने इंजिनाकडे पाहिलंच नाही. बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. तिने मान डोलावली. स्टार्टर सुटला.

"पुढच्या महिन्यात बहिणीची गाडी आणते," बाई बसता बसता म्हणाल्या. ते मेव्हण्याने हातवारे करून दाजींना कळवलं. एवढे हातवारे, की बहिणीची गाडी म्हणजे आगगाडी वाटावी.

कोपऱ्यावर बाईंनी निरोपाचा हॉर्न दिला. कानसेन अवजारं आवरत होता. बायकोने कोपर मारलं. "हात करा, निघाल्या त्या."

तो लगेच रस्त्याकडे वळला आणि हात उंच करून हलवला. बाई केव्हाच वळून गेल्या होत्या. समोरून भलतीच गाडी चालली होती. तिच्यातल्या अनोळखी माणसाने क्षणभर विचार केला, आणि त्यानेही हात केला.