गाडी रुळेपर्यंत

ओटमार हेबरलाइनने आयुष्यभर शहाण्यासारख्या गाड्या चालवल्या होत्या. राखाडी रंगाच्या, डिझेलवर चालणाऱ्या, मागे बटाट्याची पोती मावतील अशा. साठी जवळ आली आणि अंगात काय वारं शिरलं कोण जाणे, टर्बो इंजिनाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, भडक केशरी गाडी त्याने मागवली.

गाडी आली आणि त्याची झोप उडाली. नवं इंजिन रुळवायचं कसं?

शोरूमच्या माणसाने किल्ली देताना सांगितलं होतं, "आता रुळवणं-बिळवणं काही राहिलं नाही हो. कारखान्यातूनच तयार होऊन येतं सगळं." गाडीसोबतच्या पुस्तिकेत मात्र बजावलं होतं की पहिले दोन हजार किलोमीटर इंजिनाला मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर नेऊ नये. आणि त्याचा मेहुणा फोल्कमार, जो डोंगराखालच्या गावात गॅरेज चालवायचा, त्याने दोन्ही मतं उडवून लावली.

"लाडावून ठेवशील तर म्हातारपणी तेल पिईल ती," फोल्कमार म्हणाला. "पहिल्या दिवसापासून हाण. पिस्टनच्या रिंगा दाबाखालीच बसतात."

"पण पुस्तिकेत..."

"पुस्तिका वकील लिहितात, शहाण्या!"

ओटमारने सगळ्यांचंच थोडंथोडं ऐकलं, त्यामुळे गोंधळ तिप्पट झाला. सकाळी तो गाडी हळू चालवायचा, दुपारी जरा रेटायचा, आणि परतताना आपण इंजिनाचं वाटोळं केलं या धास्तीने पुन्हा हळू. थंड इंजिनावर छोटी फेरी वाईट, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. म्हणून ट्युबिंगनमधल्या आपल्या श्रवणयंत्रांच्या दुकानात तो बस आणि रेल्वेनेच जायचा. केशरी गाडी घरी, दार लावून, शनिवारची वाट बघत उभी.

तिथेच खरी पंचाईत सुरू झाली. शनिवारी तो गाडीत बसला की किलोमीटरचा आकडा त्याला ओळखीचा वाटेना. एकदा पेट्रोलही कमी वाटलं. दुसऱ्यांदा इंजिनाचा आवाजच बदलल्यासारखा वाटला, अधिक मोकळा, घसा खाकरून झाल्यावर लागतो तसा. आवाजाच्या बाबतीत ओटमार सहसा चुकत नसे. मग चुकत होतं काय?

त्याचे वडील सत्तरीच्या आतच विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसं. ओटमारने ही शंका कुणाला बोलून दाखवली नाही. बायकोला, इर्मेलाला, फक्त एवढंच विचारलं, "मी गेल्या रविवारी गाडी घेऊन ब्लाउबॉयरेन गावाला जाऊन आलो का गं?"

"नाही. आपण घरी होतो. तू मसूर आणि श्पेत्झलेच्या शेवया केल्या होत्यास." ती त्याच्याकडे बघत राहिली. "का रे?"

"काही नाही. असंच."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. ते त्याला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात अंगात कणकण भरली म्हणून तो दुकान लवकर बंद करून घरी आला. गॅरेजचं दार उघडं होतं आणि आत गाडी नव्हती. त्याने आधी स्वतःलाच विचारलं, मी ती कुठे लावून विसरलो का? मग फोल्कमारला फोन लावला.

"गाडी गेली!"

"कुठे?"

"ते माहीत असतं तर तुला कशाला फोन केला असता? चोरीला गेली. किंवा... फोल्कमार, मी तुझ्याकडे तर ठेवली नाही ना?"

"तुला ताप चढलाय. इर्मेलाला दे फोन."

इर्मेला घरात नव्हती. ओटमार फोन कानाला लावून अंगणात उभा असतानाच गल्लीच्या टोकाला केशरी रंग दिसला. गाडी वळणाच्या बऱ्याच आधी दिवा लुकलुकवत, नवरीसारखी हळूहळू येत होती. फाटकाशी ती थांबली, उलटी फिरली आणि मागच्या काचेतला पुठ्ठा त्याला दिसला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'नवी गाडी, रुळवत आहोत. माफ करा.'

स्टिअरिंगवर इर्मेला होती.

अकरा वर्षांपूर्वी महामार्गाच्या घाटात भर पावसात तिची गाडी घसरून गोल फिरली होती आणि मागून येणारा ट्रक जेमतेम हातभर अंतरावर थांबला होता. तिला साधं खरचटलंही नाही, पण त्या दिवसानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. घरात तो विषय निघत नसे. ओटमार तिला सगळीकडे न्यायचा, आणायचा, आणि हे असंच चालायचं असं दोघांनीही धरून ठेवलं होतं.

"फोन ठेवतो," तो फोल्कमारला म्हणाला.

इर्मेला खाली उतरली नाही. काच खाली करून तिने आधी सांगितलं, "इंजिन लगेच बंद करत नाही. टर्बो थंड होऊ देते."

"हे... हे कधीपासून?"

"गाडी आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

"पण हीच गाडी? फोल्कमारकडे एवढ्या जुन्या गाड्या पडल्यात!"

"जुनी गाडी हळू चालवली की मागून येणारे भोंगे वाजवतात, ओटमार. हिला कुणी वाजवत नाही. पुठ्ठा वाचतात आणि हात हलवतात. एका ट्रकवाल्याने तर अंगठा दाखवला. आख्ख्या देशात हळू चालवायची परवानगी असलेली एवढी एकच गाडी आहे."

"आणि मी समजत होतो की माझं डोकं..." त्याचा आवाज फाटला. "बाबांसारखं!"

इर्मेलाचा चेहरा पांढरा पडला. "ते ब्लाउबॉयरेनचं त्यासाठी विचारलं होतंस? अरे देवा. तेव्हाच सांगणार होते. पण वाटलं, सांगितलं की तू शेजारी बसशील. तू शेजारी बसलास की मला पुन्हा भीती वाटणार."

यावर रागवावं की आनंदाने तिला मिठी मारावी, ते ओटमारला ठरवता येईना. डोकं शाबूत असल्याचा सुटकेचा निःश्वास, फसवल्याचा चटका आणि आपण शेजारी असलो की तिला भीती वाटते हे नवंच काहीतरी, सगळं एकाच वेळी अंगावर आलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "किती फेऱ्यांवर चालवतेस?"

"साडेतीन हजारांच्या वर कधी नाही."

"हं." त्याने वाकून टायरांकडे पाहिलं. "चांगलं आहे."

ताप उतरल्यावरही तो दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गॅरेजमधला पुठ्ठा फाटलेला दिसला, तर त्याने तो चिकटपट्टी लावून नीट केला. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दोन हजार किलोमीटर पुरे झाले त्या रविवारी, ट्रक नसलेल्या सकाळी, ते महामार्गाला लागले. गाडी इर्मेला चालवत होती. शेजारी बसायची परवानगी त्याने मागून घेतली होती, एक अक्षरही न बोलण्याच्या अटीवर. घाट मागे पडला. वेगाची मर्यादा संपल्याची पाटी गेली. इर्मेलाने आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि पाय खाली दाबला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग कुणीतरी पाठीत भिंत घालावी तसा धक्का बसला, झाडांचा हिरवा पट्टा झाला, आणि ओटमारच्या तोंडून एक लांबलचक आवाज निघाला. अट मोडली होती, पण तो आवाज थांबेना.

पुढच्या विसाव्याच्या थांब्यावर तिने गाडी लावली. तिचे गाल लाल झाले होते.

"ओरडलास का? घाबरलास?"

"माहीत नाही."

"मग आनंद झाला?"

"माहीत नाही म्हटलं ना!" त्याने डोळे पुसले. "तुला भीती वाटली का, मी शेजारी असताना?"

इर्मेलाने विचार केला. "हो. वाटली," ती म्हणाली. "चल, कॉफी घेऊ. तोवर हिचं इंजिन थंड होऊ दे."