दहापासून मोजायचं

मित्रांनो, मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे. माझ्या मालकिणीनं माझ्याकडून घेतलेलं शेवटचं माप तिच्या मुलीचं होतं. नाताळला तीन आठवडे उरले होते. बुधवार होता, अगदी साधा.

मुलगी नोकरीवरून आली होती आणि फोन बघत उभी होती.

"हात वर कर. तो नाही गं, फोनवाला."

"आई, आटप ना. आणि ही टेप टाकून दे आता. आकडे तरी दिसतात का हिच्यावर?"

"दहाच्या पुढचे दिसतात की. तुझ्यासारख्या ताडमाडाला तेवढे पुरतात."

मालकिणीनं एक तळवा मुलीच्या पाठीवर ठेवला, दुसऱ्या हातानं मला सरळ धरलं आणि वहीत लिहिलं : बाही, बावीस. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवून ती जरा खुर्चीत टेकली, ती पुन्हा उठली नाही.

मी कारखान्यातून आले तेव्हा पिवळीधमक होते. दोन्ही टोकांना पितळी पत्रा होता. तीस वर्षं मी तिच्या गळ्यात राहिले. शाळेचे गणवेश, परिचारिकांचे कोट, एका पाळकांचा झगा, सगळं माझ्या हाताखालून गेलं. पाळकांच्या पोटाचा घेर मी कुणालाही सांगितला नाही. तिची बोटं रोज जिथं लागायची, तिथले माझे पहिले दहा इंच पुसले गेले. उलटी बाजू तर त्याआधीच कोरी झाली होती. पण तिनं मला टाकलं नाही. ती दहापासून मोजायची. माप घेताना दहा वजा करायचे, कापड बेतताना दहा मिळवायचे.

"गेलेल्या दहा इंचांसाठी रडत बसले तर कापड कधी बेतू?" असं ती म्हणायची.

नाताळच्या जेवणाआधी त्या घरात प्रत्येकानं देवाचे एका गोष्टीबद्दल आभार मानायचे, असा नियम होता. 'सगळ्याबद्दल आभार' असं मोघम बोललेलं तिला चालायचं नाही. "गिऱ्हाईक म्हणालं, काहीही शिवा, तर मी काय शिवू?"

एका वर्षी तिच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला. घरात कुणालाच नवा कपडा झाला नाही. टेबलाशी सगळे खाली मान घालून बसले होते. तेव्हा ती म्हणाली, "प्रभू, हरवलेली सुई सापडली, आणि तीही कुणाच्या पायात न घुसता. तुझे आभार." मग नवऱ्याकडे वळली. "आणि तोंड कशाला पाडलंय? गोठ्यात जन्मला तेव्हा प्रभूचा पहिला कपडासुद्धा शिवलेला नव्हता, नुसता गुंडाळलेला होता. त्याचं काही अडलं?" चार महिन्यांत पहिल्यांदाच तो माणूस हसला.

मुलगी मात्र दरवर्षी एवढंच म्हणायची, "आईनं म्हटलं तेच."

"झाली कॉपी!" बाप चिडवायचा.

"असू दे. देव अक्षर ओळखतो," आई म्हणायची.

यंदा मालकीण गेल्यावर मुलीच्या नाताळच्या पोशाखाचं निळं कापड बेतायचं राहून टेबलावर तसंच पडलं होतं. नाताळच्या आदल्या दिवशी मुलीनं मला खुंटीवरून काढलं. कापड दुहेरी घातलं, दहावर बोट ठेवलं, बावीसवर खूण केली आणि कात्री चालवली. दहा मिळवायचे ती विसरली. एका फटक्यात दोन्ही बाह्या बारा इंचांच्या झाल्या. मी ओरडू शकत नव्हते.

चूक कळली तेव्हा ती जमिनीवर बसली. आई गेल्यापासून ती रडली नव्हती, ती तेव्हा रडली. बापानं ते तुकडे उचलून पाहिले.

"कोपरापर्यंत येतील," तो म्हणाला. "तुझी आई असती तर म्हणाली असती, बाहीच गेली ना? हात तर आहेत."

तिनं डोळे पुसले आणि तो कपडा कोपरापर्यंतच्या बाह्यांचाच शिवून पुरा केला.

नाताळच्या दिवशी तो घालून ती टेबलाशी बसली. मी तिच्या गळ्यात होते. तिसरी खुर्ची रिकामी होती.

"यंदा नको वाटत असेल तर राहू दे, बाळा," बाप म्हणाला. "देव समजून घेईल." मग त्यानंच सुरुवात केली. "प्रभू, आज मी दोन माणसांचा चहा टाकला, आणि प्यायला दुसरं माणूस होतं. तुझे आभार."

मित्रांनो, मला जपायचं असेल तर पेटीत घालून ठेवू नका. मला वापरा. पुसलं गेलेलं पुन्हा उमटत नाही, पण पुढचे पन्नास इंच अजून खणखणीत आहेत. आणि कुणी तुमचं माप घेत असेल तेव्हा हातातलं बाजूला ठेवा.

मुलीनं मला मुठीत धरलं.

"आईनं..." सवयीनं तिच्या तोंडून निघालं, आणि ती थांबली. आता कुणाचं उतरवून घ्यायला नव्हतं.

"प्रभू," ती मोठ्यानं म्हणाली, "त्या बुधवारी मी फोनमध्ये बघत होते. तरी आईचा हात माझ्या पाठीवर आहे, हे मला कळत होतं. तो हात गरम होता. मी तिला सांगितलं नाही. त्या हाताबद्दल तुझे आभार. आणि आई, तुझेही."