मुखरूभाऊ कोणाचे?

मित्रांनो, चामोर्शीजवळच्या एका खेड्यात खुंटीला टांगलेली म्हातारी ढोलकी ती मीच. माझं खोड बिजाच्या लाकडाचं, आवाज खणखणीत आणि स्वभाव, खरं सांगते, जरा तापट. मुखरूभाऊंनी मांडीवर घेतलं, की मात्र मी लोण्याहून मऊ. दिवसा ते धानाच्या बांधीत राबत आणि कार्यक्रम असला की मला पुसून, दोऱ्या ताणून निघत. दंडारीचा खेळ असो की बारसं, मुखरूभाऊंशिवाय मजा नाही, असं सगळे म्हणत. पण त्यांचा जीव अडकलेला असे तो आपल्या बौद्ध वस्तीतल्या भीमजयंतीत. त्या दिवशी त्यांची बोटं अशी पडत, की मलाच भरून येई.

आमच्या गावात एक रीत होती. वाजवणं आवडलं की ऐकणारा ढोलकीला कापड बांधी, आणि ते विरून गळेपर्यंत वाजवणारा सोडत नसे. सोडलं तर बांधणाऱ्याचा अपमान. लुगड्यांचे काठ, शेले, काय काय मिरवलंय मी!

चौऱ्यांशी साली निवडणूक आली. एका उमेदवारानं सभेत वाजवायला बोलावलं आणि खूश होऊन पक्षाचा दुपट्टा मला बांधला. पुढं त्याच्या विरोधकानं बोलावलं, त्यानंही आपला बांधला. झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

टपरीवर एक म्हणे, "मुखरूले तिकीट भेटून राह्यलं."

दुसरा म्हणे, "नाई बे, तो दोन्हीकून खाऊन राह्यला."

अहो, रीत सगळ्यांना ठाऊक होती! याच लोकांनी मला कापडं बांधली होती. पण पक्षाचा रंग दिसला आणि यांची डोकी फिरली.

जयंती मंडळाचे बापूराव घरी आले. "मुखरू, तू कोनाचा, सांगून टाक. नाई तं ते दुपट्टे सोड."

"भाऊ, कोनी मानानं बांधलं ते मी कसा सोडू? मत मी पेटीत टाकतो, ढोलकीत नाई."

"मंग यंदा जयंतीत दुसरा वाजवन," म्हणून बापूराव उठले.

जयंतीची मिरवणूक आमच्या दारावरून गेली. बल्लारपूरहून आणलेला कोणी वाजवत होता. मुखरूभाऊंची बायको सत्यशीलाबाई म्हणाल्या, "जा ना हो, आपलीच तं जयंती हाये."

"बोलावल्याबिगर कसा जाऊ?" म्हणत ते मला कुरवाळत बसले. मला रडू येत होतं, पण कोणी वाजवल्याशिवाय ढोलकीला आवाज कुठला!

त्याच उन्हाळ्यात ते एकटेच माजरीच्या कोळसाखाणीत मजुरीला निघून गेले. इथं माझी चामड्याची पानं सैल पडली, दुपट्टे उंदरांनी कुरतडून नेले. ते दोन उमेदवार मात्र पुढं एकाच पक्षात गेले आणि एका मंचावर गळ्यात गळे घालून बसले. त्यांना कोणी विचारलं नाही, तुम्ही कोणाचे म्हणून. असा संताप येतो, मित्रांनो!

तो मंच पाहूनच असेल, इतक्या वर्षांनी मागच्या महिन्यात बापूराव दारात आले, मान खाली घालून. "बाई, आमचं चुकलं. यंदा मुखरूले बोलवा."

बाईंनी निरोप धाडला. माजरीहून उत्तर आलं, "आता बोटं फावड्याची झाली. दुसऱ्याले वाजवू द्या."

ऐकून माझा जीव तुटला. मित्रांनो, वाजवणाऱ्याचं वाजवणं ऐका, तो कोणाचा हे उकरत बसू नका. आणि तुमच्यातलं कोणी माजरीकडे गेलंच, तर मुखरूभाऊंना एवढं सांगा: बोटं जड झाली असतील तर असू द्या, ठेका चुकला तरी चालेल. पण मी दुसऱ्या कोणाच्या मांडीवर बसणार नाही.