दिवाणखान्याची एक भिंत

दुर्गाबाईंनी यजमानांपुढे हात टेकले होते. श्यामकांत गिरणीत लुगड्यांचे काठ आणि नक्ष्या काढत. रंग कागदावर कळत नाही, भिंतीवरच कळतो, हा त्यांचा हट्ट. नवा रंग आला की घरच्या भिंतीवर पट्टा ओढायचा, आठ दिवस सकाळ-संध्याकाळच्या उजेडात न्याहाळायचा, आणि पुसायचा मात्र कधीच नाही! आजेसासऱ्यांनी बांधलेलं गिरगावातलं घर पंचवीस वर्षांत माजघरापासून जिन्यापर्यंत पट्ट्यांनी भरून गेलं होतं.

रविवारी त्यांच्या लेकीला, बेबीला बघायला पाहुणे यायचे होते. मागच्या स्थळाची आई जिन्यातच पुटपुटली होती, "घर आहे की रंगाऱ्याचं दुकान?" आणि नकार आला होता.

"पाहुणे बसतात तेवढी एक भिंत पांढरी करून द्या हो," दुर्गाबाई महिनाभर कानीकपाळी ओरडत होत्या. शेवटी शनिवारी रंगारी ठरला, तर त्याच दिवशी हरताळ! रंगारी शिवाजी पार्कच्या सभेला, आणि हेही त्याच्याबरोबर. मुंबई महाराष्ट्राला मिळवून द्यायची होती ना, भिंतीला कोण विचारतो!

मग पदर खोचून दुर्गाबाईंनी कामाच्या राधाबाईला हाताशी घेतलं, चुना कालवला आणि भिंत फासून काढली. संध्याकाळी श्यामकांत आले, भिंत बघून त्यांनी तोंड उघडलं.

"खबरदार! पाहुणे जाईपर्यंत भिंतीबद्दल अवाक्षर काढाल तर!"

त्यांनी तोंड मिटलं.

रविवारी सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं. मुलाचे वडील मनमोहनराव काळा कोट घालून आले, भिंतीला ऐसपैस टेकून बसले, पोहे दोनदा घेतले. मुलगा बेबीशी बोलताना चक्क हसला. दुर्गाबाईंना वाटलं, जमलं बाई एकदाचं.

मनमोहनराव उठून वळले. कोट मानेपासून कमरेपर्यंत पांढराफटक! त्यांच्या पत्नी झटकायला गेल्या, तर चुना आणखीच पसरला.

"कळवतो," मनमोहनराव तुटकपणे म्हणाले आणि जिना उतरले. त्या कळवण्याचा अर्थ आत उभ्या बेबीलाही कळला. ती रडायला लागली.

"चुन्यात सरस घातला नव्हतास," श्यामकांत हळूच म्हणाले. "त्याशिवाय तो भिंत धरत नाही. काल बघताक्षणीच ओळखलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तूच बोलू नका म्हणालीस."

पंचवीस वर्षांत या माणसानं दुर्गाबाईंचं एक म्हणून ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते नेमकं काल.