तांब्याचं कडं

"आधी बोटानं चाचपून बघायचं. तांब्याचं कडं बसलं की मगच बोल्ट फिरवायचा. घाई करायची नाही."

चैत्रात इंदुताई पहिल्यांदा गाडीखाली शिरल्या तेव्हा यशवंतरावांनी असं बजावलं होतं. आता भाद्रपद लागला होता. ओल्या अंगणात गोणपाट अंथरून त्या पाठीवर पडल्या होत्या आणि जुन्या ऑस्टिनच्या पोटातलं काळं ऑईल घमेल्यात पडताना बघत होत्या. धार बारीक झाली, मग थेंबांवर आली. बोल्टाखाली बसणारं अंगठीएवढं कडं चिखलात पडून हरवू नये म्हणून त्यांनी ते अनामिकेत सरकवलं आणि फडक्यानं बोल्ट पुसायला घेतला.

यशवंतराव लढाईवरून आले तेव्हापासून त्यांची कंबर धड नव्हती. गाडीत बसून भाड्याच्या चिंचवडहून पुण्याला दोन खेपा करतील, पण पायातली वहाण पडली तर वाकून उचलता येत नसे. पूर्वी ऑईल पुण्यातल्या एका गॅरेजात बदलून मिळे. गेल्या वर्षी तिथल्या माणसानं बोल्ट वाकडा चढवला आणि नवरानवरीला घेऊन निघालेली गाडी खडकीजवळ आचके देत थांबली. तेव्हापासून यशवंतरावांनी दुकानाचं नाव टाकलं होतं. म्हणायचे, दुकानात आपण बाकड्यावर बसायचं, आत काय ओततात आणि काय विसरतात ते देवाला ठाऊक. घरच्या माणसाच्या हातून असं होत नाही.

घरचं माणूस म्हणजे इंदुताई. अंगानं बारीक, हाताच्या नेटक्या.

"राव, पुण्यातली दुकानं बुडाली का?" शेजारचे सायकलवाले सोपानराव ट्यूब घासता घासता म्हणाले. "वहिनींना कशाला गाडीखाली घालता?"

"तुमच्याकडे दिली तर दोन चाकं कमी करून परत द्याल."

एरवी इंदुताई यावर हसल्या असत्या. आज गाडीखालून आवाज आला नाही. चातुर्मासात उठल्यापासून पूजा होईपर्यंत त्या मौन पाळत. सासूबाईंनी जाताना दिलेलं व्रत. अकरा वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. गाडीखालून उत्तर द्यायचं तर पान्यानं पत्र्यावर ठोकायचं. एकदा होय, दोनदा नाही.

तेवढ्यात दुधाचा ट्रक रस्त्यात थांबला आणि चाकणचा ज्योतीराम उडी टाकून अंगणात आला.

"यशवंतराव, गाडी काढा लवकर. वैनीला रातीपासनं कळा येत्यात. सुईण म्हनली, प्वार आडवं हाय, माज्यानं व्हायचं न्हाई, पुन्याला न्या. गेनूदादानं धाडलंय. म्हनला, यशवंतरावांनी शबुद दिलाय."

"दिलाय. निघालोच," यशवंतराव म्हणाले. बॉनेटवर हात टेकून त्यांनी खाली हाक दिली. "आवर गं. कडं घातलंस ना?"

ठक्.

इंदुताईंच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी कडं नव्हतंच. गेनूची बायको तानाबाई होती. गेल्या महिन्यात याच ओट्यावर बसून ताक पीत होती. बाळ लाथ मारतं म्हणत पदराआड हसली होती. इंदुताईंचे हात बोल्ट चढवत होते, पाना ओढत होते.

"घट्ट झालं?"

ठक्.

यशवंतरावांनी नवं ऑईल ओतलं, ज्योतीरामला शेजारी बसवलं आणि गाडी चाकणच्या वाटेला लागली.

इंदुताई विहिरीपाशी राख घेऊन हात घासायला बसल्या. मनात नाम चाललं होतं. काळं हळूहळू उतरत गेलं आणि अनामिकेवर तांबूस काहीतरी चमकलं. त्या बघतच राहिल्या. मग ओल्या हातांनी अंगणात धावल्या. गाडी उभी होती तिथून फाटकापर्यंत आणि फाटकातून रस्त्याच्या वळणापर्यंत, चार-चार हातांवर एकेक थेंब पडलेला होता.

कडं नसलं तर काय होतं, तेही त्यांना सांगितलेलं होतं. आधी नुसतं गळतं. मग धक्क्याधक्क्यानं बोल्ट सैल होतो आणि एकदा निसटला की सगळं ऑईल एकदम रस्त्यावर. मग गाडी जागची हलत नाही. चाकण ते पुणे रस्ता नुसता खडीचा. आणि आत बाळ आडवं असलेली बाई.

त्यांनी सोपानरावांजवळ जाऊन आपला हात पुढे केला. बोट दाखवलं, रस्ता दाखवला, जमिनीवरचे थेंब दाखवले.

"नवी अंगठी का वहिनी?" सोपानराव हसले. "यशवंतरावांनी केली वाटतं. पण तांब्याची?"

इंदुताईंनी डोळे मिटले. घरात देव अजून पारोसे होते.

"सोपानभाऊ," त्या म्हणाल्या.

सोपानरावांच्या हातातला पंप खाली पडला.

"हे बोल्टाचं कडं आहे. माझ्या बोटातच राहिलं. गाडी तशीच गेली. चाकणहून परतताना ती भोसरीच्या फाट्यावरून जाईल. तुम्ही सायकलनं आधी पोचाल. घरात ऑईलचा भरलेला डबा आहे, तो देते. पाना घ्या. त्यांना वाकता येत नाही, तुम्हालाच खाली शिरावं लागेल."

"सांगतो की, कडं अंगणात सापडलं. तुमचं नाव कशाला?"

"नको. मी होय म्हटलं, पण घातलं नव्हतं, असंच सांगा."

सोपानराव कडं खिशात टाकून आणि डबा कॅरिअरला बांधून गेले. इंदुताईंनी अंघोळ केली, देवांना पाणी घातलं, पण पोथी उघडून तेच पान तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा काय वाचलं ते कळलं नाही. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की त्या उंबऱ्याशी जात. एकदा एसटी होती, एकदा विटांचा ट्रक. दिवा शांत जळत होता. त्याच्याकडे बघायचा त्यांना धीर होईना.

शेवटी त्या हात जोडून हळू आवाजात बोलल्या. मौन मोडलंच होतं. "तिला सुखरूप सोडव. ज्यांच्या घरचा जीव मी टांगणीला लावला, त्यांना जाऊन मी माझ्या तोंडानं सांगेन. दुसऱ्या कुणाच्या आड लपणार नाही."

बारा वाजून गेल्यावर सोपानराव आले, शर्ट छातीपासून पोटापर्यंत काळा.

"गाठली. बोल्ट नुसता बोटानं फिरत होता हो! आणखी अर्धा कोस गेली असती तर..." ते पाणी प्यायले. "बसवलं. डबा ओतला. गेली पुण्याला."

"तानाबाई?"

"कण्हत होती. सासू कुशाबाई मांडीवर डोकं घेऊन बसलेली. गेनू मात्र फार तापला. म्हणाला, दुकानात नेऊन नीट करून घेता येत न्हाई, तर दुसऱ्याच्या बाईमानसाच्या जिवाशी खेळता कशाला?"

"मग हे काय म्हणाले?"

"मी तुमचा निरोप त्यांच्या कानात सांगितला. ते मोठ्यानं गेनूला म्हणाले, माझीच नजर चुकली. मग मी काय बोलणार?"

यशवंतराव दिवेलागणीच्या आधी परतले. बाळ-बाळंतीण दोघं ठीक होती. मुलगी झाली होती. बाळंतिणीपाशी दवाखान्यात कुशाबाई थांबली होती, गेनू रात्रीच्या एसटीनं चाकणला परतणार होता. हातपाय धुऊन ते ओट्यावर टेकले आणि कंबर दाबत म्हणाले, "पुढच्या खेपेपासून पुण्यालाच नेऊ गाडी. दुसरं एखादं दुकान बघतो."

"गेनूभाऊ तसं म्हणाले?"

"तो म्हणाला, तुमच्या गाडीत पुन्हा बसायचं नाही. कुशाबाई नुसती बघत होती." मग त्यांनी विचारलं, "तू बोललीस म्हणे पूजेआधी."

"हो."

"अकरा वर्षं झाली होती ना?"

"आता उद्या पहिला दिवस," इंदुताई म्हणाल्या. "तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"गाडी माझी आहे." त्यांनी तेवढंच सांगितलं आणि जेवायला वाढ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इंदुताई रोजच्यापेक्षा तासभर आधी उठल्या. फुलं आदल्या संध्याकाळीच काढून ठेवलेली होती. फटफटायच्या सुमाराला आरती झाली, नैवेद्य दाखवून झाला. बाळंतिणीच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून त्यांनी डिंकाचे पाच लाडू रुमालात बांधले.

सोपानराव दुकानाच्या फळ्या काढत होते.

"वहिनी, एवढ्या सकाळी? आणि पूजा?"

"झाली. चाकणला जाऊन येते. भोसरीहून पहिली एसटी मिळेल."

"अहो, मग यशवंतरावांना उठवतो. गाडीनं सोडतील."

"नको. रात्रभर कंबर दुखत होती, आत्ता कुठं डोळा लागलाय."

त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, रुमालाची गाठ पुन्हा एकदा बघितली आणि रस्त्याच्या कडेकडेनं चालू लागल्या.