आईचं कार्य शून्य

माझ्या वडिलांना सगळे ‘सर’ म्हणतात. आयुष्यभर त्यांनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. आधी मुलं म्हणायची, मग शेजारी म्हणू लागले. आईसुद्धा कधीकधी म्हणते, पण तिच्या तोंडून ‘अहो सर’ आलं की समजायचं, आता काही खरं नाही.

गेल्या वर्षी सर पेपर वाचत वाचत जिना उतरत होते आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि रुग्णवाहिकेतल्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वरच्या खोलीत आणून ठेवलं. आमचं घर अरुंद. खाली स्वयंपाकघर आणि आईची पडदे शिवायची खोली, वर झोपायची खोली, आणि मध्ये तो उभ्या चढाचा जिना. मी रजा काढून मदतीला आले होते, पण आई मला वर काही नेऊ देईल तर ना! ‘‘त्यांना काय हवं असतं ते तुला नाही कळायचं,’’ म्हणायची आणि मशीनवरचा पडदा तसाच टाकून धावायची. चहा घेऊन वर, कप घेऊन खाली. जेवणाचं ताट वर. चष्मा खाली राहिला म्हणून खाली, चष्मा घेऊन परत वर.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एव्हाना सरांना खोलीत काठी घेऊन चालतं केलं होतं. जिन्याच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर चढ-उतारही करून घेतली होती. ‘‘आता खाली जायला हरकत नाही,’’ त्या म्हणाल्या. सर म्हणाले, ‘‘उद्या बघू.’’ दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘आज जरा कसर वाटतेय.’’ असे बरेच उद्या गेले.

एके दुपारी आई ताट न्यायला वर गेली आणि धापा टाकत पलंगाच्या कडेवर बसली. मी खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होते.

‘‘अहो, तुमच्या शास्त्रात मोजता येतं का हो,’’ तिनं विचारलं, ‘‘मी दिवसभर वर-खाली करते ते काम?’’

सरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांना प्रश्न विचारला होता. ‘‘न मोजायला काय झालं? तुझं वजन किती?’’

‘‘ते कशाला?’’

‘‘त्याशिवाय कसं निघणार? बरं, पासष्ट किलो धरतो.’’

‘‘पंचावन्न धरा.’’

सरांनी पंचावन्न धरले. ‘‘हे बघ, पृथ्वी तुला खाली ओढते. तिच्या विरुद्ध जाऊन तू स्वतःला जिनाभर वर उचलतेस, ते झालं कार्य. आणि ते वाया जात नाही बरं का. तू वर आलीस की ते स्थितिज ऊर्जा म्हणून साठून राहतं. नुसतं उंचीवर असण्याची ऊर्जा. वस्तू जड असेल तर जास्त, उंची जास्त असेल तर आणखी जास्त.’’

‘‘म्हणजे आत्ता मी इथे बसलेय तर माझ्यात ती आहे?’’

‘‘आहे ना!’’

आईनं पदर सावरला. तिला ते आवडलं होतं. ‘‘आणि खाली गेल्यावर?’’

‘‘खाली गेलीस की गेली. चढताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जेवढं कमावलंस तेवढंच उतरताना संपलं. निघालीस तिथेच परत पोचलीस, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा हिशोब पुरा. एकूण कार्य शून्य.’’

‘‘शून्य?’’

‘‘शून्य!’’ सर खुशीत म्हणाले. वर्गात अवघड गणित सुटल्यावर म्हणत असतील, तसेच.

आईनं ताट उचललं आणि ती खाली गेली. मी सरांकडे पाहिलं. त्यांना पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं चहा गाळला, कप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि जिन्याशी जाऊन हाक मारली, ‘‘अहो सर! चहा तयार आहे. खाली.’’

मी कप उचलायला गेले, तर तिनं माझा हात धरला. ‘‘बस तू.’’

जरा वेळानं काठीचा आवाज आला. सर जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. ‘‘अगं, मी गुरुत्वाकर्षणाचं कार्य शून्य म्हणालो होतो. तुझं नाही!’’

‘‘मग तेव्हा का नाही बोललात?’’

‘‘तुझ्या पायांचं वेगळं असतं. चढताना ते तुला उचलतात आणि उतरताना तू धाडकन पडू नयेस म्हणून आवरून धरतात. दोन्ही वेळा दमतात. उतरताना सुटलेली ऊर्जा काही पुढच्या चढासाठी शिल्लक राहत नाही. पाय म्हणजे काय स्प्रिंग आहेत?’’

‘‘छान. या आता, चहा निवतोय.’’

सरांनी कठडा धरला. एक पाय पुढे केला, मागे घेतला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘मला भीती वाटते गं.’’

आईचा सगळा राग तिथेच विरघळला. ती भराभर चढून त्यांच्या एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली. ‘‘मग हे आधी सांगायचं ना. मला काय तुमचा चहा जड झाला होता? चला, मी आहे पुढे. काठी आणि दुखरा पाय आधी.’’

‘‘मी पडलो तर तूही पडशील.’’

‘‘नाही पडत मी. पंचावन्न किलोची नाहीये, माहितीय तुम्हाला.’’

सर इतके हसले की कठडा घट्ट धरावा लागला. मग उतरू लागले. काठी, दुखरा पाय, चांगला पाय. आई एकेक पायरी मागे सरत होती आणि मी खालून तिच्या पाठीशी हात धरून उभी होते. मधल्या पायरीवर सर थांबले. कपाळावर घाम होता. आईनं घाई केली नाही. पदरानं त्यांचं कपाळ पुसलं आणि थांबून राहिली, जणू तिथे उभं राहायलाच दोघं आली होती.

खाली पोचल्यावर सर खुर्चीत बसले आणि स्वयंपाकघर असं बघू लागले, जसं काही परगावाहून आलेत. आईनं चहा पुन्हा गरम केला.

परत वर जाताना चांगला पाय आधी. आई मागे, तिचा तळवा त्यांच्या पाठीवर. खोलीत पोचून सर पलंगावर टेकले. ‘‘तू हे दिवसातून किती वेळा करत होतीस?’’ त्यांनी विचारलं. आईनं त्यांच्या पाठीशी उशी लावली.

तेव्हापासून ते रोज उतरू लागले. माझी रजा संपत आली त्या आठवड्यात एक गिऱ्हाईक मोठ्या खिडकीचे पडदे ठरवायला आलं. आईनं कापडाचा तागा उलगडला आणि एक टोक सहज सरांच्या हातात दिलं. इतक्या वर्षांच्या संसारात ते तिच्या शिवणाच्या खोलीत पहिल्यांदाच कामाला बसले होते. माप झालं, कापड कापलं, गिऱ्हाईक निघून गेलं, तरी सर आपले ते टोक ताठ धरून बसलेले.

‘‘सोडा आता,’’ आई म्हणाली.

‘‘असू दे,’’ सर म्हणाले, ‘‘तुला पुन्हा लागेल.’’